चौदा जॉब आणि एक दाखला

नानांना 'अंदाजे' हा शब्द चालत नसे. त्यांच्या वर्कशॉपमध्ये कुणाच्याही तोंडून तो निघाला की त्याने दाराबाहेर जायचं आणि पुन्हा आत येऊन बोलायला सुरुवात करायची. मग तो कामगार असो, गिऱ्हाईक असो, नाहीतर नानांचे सख्खे व्याही असोत. एकदा जिनिंग फॅक्टरीचा एक मालक तुटलेला शाफ्ट घेऊन आला आणि "अंदाजे दीड इंच असेल" म्हणाला. नानांनी मान वर न करता सांगितलं, "अंदाजा बाहेर ठेईसन ये." तो गळ्यात सोन्याची साखळी घातलेला माणूस धुळ्याच्या उन्हात बाहेर जाऊन उभा राहिला आणि मुकाट्याने परत आला. त्याच्या फॅक्टरीपुढे कपाशीच्या गाड्या खोळंबल्या होत्या आणि तसला शाफ्ट बसवून देणारा दुसरा माणूस त्याला धुळ्यात माहीत नव्हता. माझं स्पष्ट मत आहे की अशा लोकांनीच नानांना डोक्यावर चढवून ठेवलं होतं. एखाद्याने तरी परत आत न येता सरळ घर गाठायला हवं होतं.

ज्या दाखल्याची ही गोष्ट, तो मागितला तेव्हा मला या माणसाच्या हाताखाली लेथ चालवत नऊ वर्षं झाली होती. नऊ म्हणजे नऊ, अंदाजे नाही.

वर्कशॉपला नाव नव्हतं. पाटी होती, पण पाटीवर नाव नव्हतं. सुरुवातीला पेंटरने छान रंगवून दिलं होतं म्हणतात, पण अक्षरं उजवीकडे सूतभर खाली उतरली होती. नानांनी ते त्याला पट्टी लावून दाखवलं, रॉकेलच्या बोळ्याने सगळं पुसून टाकलं आणि पुन्हा लिही म्हणाले. पेंटर शहाणा होता, पुन्हा फिरकला नाही. दुसरा पेंटर बोलावणं नानांना मंजूर नव्हतं, कारण बिघडवलं त्यानेच दुरुस्त करायचं हा त्यांचा कायदा. तेव्हापासून ती हिरवी कोरी पाटी दारावर लटकत होती आणि गावात त्यांना कोऱ्या पाटीवाले नाना म्हणत. त्यांना त्याचं काही वाटत नसे. उलट पाटीवर नाव नसूनही लोक येतात याचा त्यांना ताठा होता.

खिशात पेनाच्या जागी कॅलिपर. भाजीबाजारात वांगी घेतानाही तो बाहेर निघायचा. भरताचं वांगं सगळीकडून सारखं भाजलं जायचं तर मधला आणि देठाकडचा व्यास यांत फार फरक नको, असं त्यांचं म्हणणं. भाजीवाल्या बायका त्यांना लांबून येताना पाहून वांग्यांवर गोणपाट टाकायच्या. लग्नाच्या मांडवात गेले तर खांब ओळंब्यात आहे का ते एक डोळा मिटून बघायचे आणि नवऱ्या मुलाच्या बापाला बाजूला घेऊन सांगायचे. अशा माणसाला लोक लग्नाला बोलवत होते हेच नवल.

आणि एवढा मोजूनमापून चालणारा माणूस धंद्यात मात्र ठार आंधळा. एका कारखान्याने त्यांना बुशिंगची मोठी ऑर्डर देऊ केली होती, वर्षभर एकच माल. नानांनी एक बुश करून दिला, "हा असा होतो" म्हणाले आणि बाकीचे करायला नकार दिला. जे एकदा जमलं ते पुन्हा पुन्हा करण्यात त्यांना अर्थ दिसत नव्हता. ज्यांनी ती ऑर्डर घेतली त्यांचे पुढे बंगले झाले. आम्ही कोऱ्या पाटीखालून ये-जा करत राहिलो.

पण ही सगळी नुसती चऱ्हाटं. नानांचं खरं वेड भिंतीवर होतं.

दारातून आत शिरलं की डाव्या हाताच्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक जाड तार ओढलेली होती. तिच्यावर वर्कशॉपमध्ये बिघडलेला प्रत्येक जॉब टांगलेला असे. दोन थाऊ, म्हणजे इंचाचे दोन हजारांश, जास्त कापला गेलेला शाफ्ट, आटे उलटे पडलेला बोल्ट, भोक एका बाजूला सरकलेली पुली. इतर वर्कशॉपमध्ये अशी पापं भंगारात जातात, माणूस विसरतो आणि पुढे जातो. इथे तसं नव्हतं. गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा कापून नाना त्याचं लेबल करायचे आणि त्यावर स्क्रायबरने कोरायचे. वर बिघडवणाऱ्याचं नाव, बापाच्या नावासकट. खाली कारण, दोन-तीन शब्दांत. घाई. गप्पा. एकच डाव मोजं, म्हणजे एकदाच मोजलं. आणि सगळ्यांत जास्त वेळा, इचारं नही.

विचारण्यावर नानांचा भारी जोर. जॉब हातात घेतला की तो कुठे बसणार, कशावर फिरणार, कोण चालवणार हे विचारल्याशिवाय लेथ सुरू करायचा नाही. "इचाराले काय पैसा लागस का?" हे वाक्य मी नऊ वर्षांत इतकं ऐकलं की घरी बायकोने भाजीत मीठ किती टाकू म्हणून विचारलं तरी मला राग यायचा.

तारेवर माझे चौदा जॉब होते. इतके कुणाचेच नव्हते. माझ्यासोबत काम करणारा काशिनाथ नावाचा टर्नर होता, त्याचे नऊ. नानांचा स्वतःचा एकही नाही. आम्हा दोघांची खात्री होती की ते आपले बिघडलेले जॉब गुपचूप भट्टीत घालतात. माणूस आहे, चाळीस वर्षं लोखंड कापतोय आणि एकदाही चुकला नाही? काशिनाथने एकदा धीर करून तोंडावर विचारलं. नाना म्हणाले, त्यांचे सगळे त्यांच्या उस्तादाच्या तारेवर आहेत, मालेगावला. तो उस्ताद मेला होता, वर्कशॉप मोडलं होतं, तेव्हा खरंखोटं करायला कुणी जाणार नव्हतं. सोयीचं उत्तर होतं.

"ज्यानी काही बिघाडं नही, त्यानी काही करंच नही," असंही वर ऐकवायचे. हे बोलायला ठीक आहे. तारेवर ज्याचं नाव कोरलेलं असतं त्याला विचारा.

माझं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. धरणगावहून मुलीचे वडील चौकशीला आले. चांगली शेतीवाडी असलेला माणूस, पांढरी टोपी, बोलणं मोजकं. मुलगा काय करतो ते बघावं म्हणून ते सरळ वर्कशॉपमध्ये आले. मी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून लेथपाशी उभा. कुठल्याही मालकाने अशा वेळी चार शब्द बरे बोलले असते. नानांनी त्यांना चहा दिला, हाताला धरून तारेपाशी नेलं, माझा तेलघाण्याच्या एक्स्पेलरचा वाकडा शाफ्ट खाली काढला आणि त्यांच्या पुढ्यात धरून म्हणाले, "हाऊ दखा तुमना जवाई." मग दुसरा काढला, मग तिसरा. सासरेबुवांनी प्रत्येक लेबल वाचलं. मी लेथच्या मागे काहीतरी शोधण्याचं नाटक करत खाली बसलो.

लग्न झालं, कारण सासरेबुवांनी घरी जाऊन म्हणे सांगितलं की असा मालक आहे तर मुलगा वाया जाणार नाही. पण पुढे प्रत्येक दिवाळीला जेवणाच्या पंगतीत ते हसून विचारायचे, "काय जावईबापू, आता कितवा?" सगळी पंगत हसायची. बायको खाली मान घालून वाढायची. मी बारावा म्हणायचो, तेरावा म्हणायचो. चौदाव्यानंतर सव्वादोन वर्षं एकही जॉब बिघडला नव्हता, तरी विचारणं काही थांबलं नाही.

तेव्हा मी कॅनडाला जायचं ठरवलं ते काही डॉलरसाठी नाही, असं आज म्हणायला हरकत नाही. डॉलर होतेच. पण मला अशा गावी जायचं होतं जिथे ती तार कुणी पाहिलेली नाही.

नव्वद सालाच्या पुढेमागे आमच्याकडे अचानक हे वारं आलं होतं. तोवर लोक आखातात जायचे, ते ठेकेदाराबरोबर आणि परत यायचे. हे वेगळं होतं. कुशल कामगाराला बायकोसकट कायमचं राहायला बोलावतात असं कळलं. वयाचे गुण, शिक्षणाचे गुण, इंग्रजीचे गुण आणि सगळ्यांत महत्त्वाचा म्हणजे कामाचा अनुभव. टर्नर त्यांना हवे होते. जळगावला एका औषधाच्या दुकानावर एजंटाचं ऑफिस होतं. टेबलावर पृथ्वीचा गोळा, आणि बोलता बोलता तो त्याला बोटाने फिरवायचा. त्याने माझे गुण जोडले आणि म्हणाला, सगळं जमतंय, फक्त मालकाचं पत्र पाहिजे. किती वर्षं, कुठली मशीन, कुठलं काम, आणि ते लेटरहेडवर.

लेटरहेडवर. ज्या दुकानाच्या पाटीवर नाव नाही त्याचं लेटरहेड.

इकडे बायकोने शेजारणीकडून विणकाम शिकायला घेतलं होतं. एप्रिलचा महिना, पत्र्याचं छप्पर, आणि ही बाई पदराने घाम पुसत माझ्यासाठी जाड लोकरीचा स्वेटर विणतेय. उंच गळ्याचा. धुळ्यात लोकर बघूनच लोकांना घामोळं यायचं. ती मात्र रोज संध्याकाळी तो माझ्या छातीला लावून बघायची. सासऱ्यांना पत्राने कळवून झालं होतं. तिने गल्लीतही सांगितलं होतं. मला आता जाणं भाग होतं.

मी नानांकडे दाखला मागितला. त्यांनी लेथ बंद केला, हे विशेष. चष्मा कपाळावर नेला आणि विचारलं, "तठे इंचमा शे का मिलीमा?"

मला माहीत नव्हतं.

"मशीन कोनतं?"

तेही माहीत नव्हतं.

"मंग इचारं का नही?"

मी म्हणालो, नाना, आधी पत्र लागतं, मग बाकीचं. त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला. मग म्हणाले, "बठ्ठं लिखसू. जे शे ते." बठ्ठं म्हणजे सगळं.

त्या दाखल्याला त्यांना बावीस दिवस लागले. कुणाला खोटं वाटेल, पण बावीस दिवस. पहिल्या दिवशी त्यांनी माझे चौदाही जॉब तारेवरून उतरवले. रॉकेलमध्ये बुडवून ठेवले, गंज काढला, ओळीने टेबलावर मांडले. मग रोज दुपारी जेवण झालं की एकेक जॉब हातात घेऊन मायक्रोमीटरने मोजायचे आणि वहीत टिपायचे. गिऱ्हाइकं ताटकळायची. "काय चाललंय?" म्हणून विचारलं की नाना माझ्याकडे बोट करून सांगायचे, हा कॅनडाला चाललाय, त्याचा अनुभव मोजतोय. माझा अनुभव! काशिनाथ तोंडात रुमाल कोंबून हसायचा.

वही भरली तेव्हा ते टायपिंग क्लासच्या मास्तरांकडे गेले. नाना अहिराणीत सांगणार, मास्तर त्याचं इंग्रजी करणार. मास्तर सांगत होते की त्यांनी आयुष्यात इतके अर्ज टाइप केले पण असं काही टाइप केलं नव्हतं. साध्या फुलस्केपवर तीन पानं, कार्बन घालून दोन प्रती. एक प्रत मला दिली, एक नानांनी ठेवली.

ते पत्र मी वर्कशॉपच्या मागे उभं राहून वाचलं. सुरुवातीलाच लिहिलं होतं की हा माणूस नऊ वर्षं माझ्याकडे आहे, पण पहिली तीन वर्षं तो माझ्याकडे होता एवढंच म्हणता येईल, काम करत होता असं म्हणता येणार नाही. पुढे माझ्या चौदा जॉबची यादी. जॉबचं नाव, पाहिजे ते माप, झालं ते माप, कारण. अकरा जॉब पहिल्या तीन वर्षांतले. तीन पुढचे. आठांपुढे कारण म्हणून 'विचारलं नाही'. शेवटी दोनच ओळी. सव्वादोन वर्षांत याच्या हातून काही बिघडलेलं नाही. नवीन काम दिलंत तर एकदा बिघडवेल, तेच दुसऱ्यांदा नाही. खाली सही, आणि पत्त्याच्या जागी, धुळ्यात कोरी पाटी कुठे विचारलं की कुणीही सांगेल.

माझ्या सासऱ्याला तारेपाशी नेलं ते नेलं, आता हा माणूस सातासमुद्रापलीकडे माझी धिंड काढायला निघाला होता.

जळगावला एजंटाने ते पत्र वाचलं आणि तो इतका हसला की खालून औषधवाला वर आला. त्यालाही वाचून दाखवलं. मग डोळे पुसत त्याने खण उघडला आणि एक कोरं लेटरहेड काढलं. कुठल्याशा इंजिनिअरिंग वर्क्सचं होतं, निळ्या अक्षरांत, कोपऱ्यात दात्यांच्या चाकाचं चित्र. असं वर्क्स कुठे आहे ते मी विचारलं नाही. त्याने अर्ध्या तासात पत्र टाइप करून आणलं. मी प्रामाणिक, मेहनती, वक्तशीर आणि सुस्वभावी असून माझं काम अत्यंत समाधानकारक होतं, असं त्यात लिहिलेलं होतं. किती सुंदर वाटलं ते वाचताना. नऊ वर्षांत मला कुणी मेहनती म्हटलं नव्हतं.

अर्जासोबत ते गेलं. नानांचं पत्र मी फाईलमध्ये सगळ्यांत खाली ठेवलं. फाडावंसं वाटलं होतं, पण इतकी मापं लिहिलेला कागद फाडायला हात होईना. इतकी वर्षं त्या वर्कशॉपमध्ये राहून एवढी खोड लागलीच होती.

सात-आठ महिन्यांनी दिल्लीला मुलाखतीचं बोलावणं आलं. जळगावहून गाडीत बसलो. थंडी होती म्हणून बायकोने तो स्वेटर घालायला लावला आणि त्याचं सार्थक झालं, तेवढं एकदाच. वकिलातीतला अधिकारी माझ्याच वयाचा, गोरा, शांत. मला घाबरायला होईल असं काही बोलला नाही. टेपर कसा काढतोस विचारलं, मी सांगितलं. आटे पाडताना गिअर कसे लावतोस विचारलं, मी कागदावर काढून दाखवलं. माझं इंग्रजी मोडकं होतं, पण लोखंडाचं काम मोडक्या इंग्रजीतही कळतं. तो मान डोलावत होता. मला वाटलं, जमलं.

मग त्याने ते निळ्या अक्षरांचं पत्र पुढे ओढलं. बाजूच्या गठ्ठ्यातून आणखी तीन पत्रं काढली आणि चारही टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. वेगवेगळी गावं, वेगवेगळी नावं. चारही माणसं प्रामाणिक, मेहनती, वक्तशीर आणि सुस्वभावी. खुर्चीत मागे रेलून त्याने साधा प्रश्न विचारला. नऊ वर्षांत तुझ्या हातून बिघडलेलं एखादं काम सांग. काय बिघडलं आणि का.

फाईल माझ्या मांडीवर होती. तिच्यात सगळ्यांत खाली नानांची ती तीन पानं होती, चौदा जॉब, पाहिजे ते माप, झालं ते माप, कारण. मला ते पाठ होतं. कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

मला समोर सासऱ्यांची पंगत दिसली. मी म्हणालो, "नो सर. नेव्हर."

"नऊ वर्षांत एकही नाही?"

"नॉट वन, सर."

त्याने पेनाचं टोपण काढून कागदावर काहीतरी छोटंसं लिहिलं, माझ्याकडे बघून हसला आणि हात पुढे केला. मी त्याचा हात हातात घेतला आणि बाहेर येऊन चहा प्यायलो. मी खूश होतो हो. नऊ वर्षांत पहिल्यांदा मला कुणीतरी हा प्रश्न विचारला होता आणि मी ताठ मानेने उत्तर दिलं होतं.

नकाराचं पत्र दीड महिन्याने आलं. तुमचा अनुभव समाधानकारकरीत्या सिद्ध होत नाही, एवढंच. बायकोने ते दोनदा वाचायला लावलं. नंतर तिने स्वेटर उसवला आणि त्या लोकरीची भावाच्या मुलाला टोपी नि मोजे केले. मला ती काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

लोकांना मात्र काहीतरी सांगणं भाग होतं. मी सांगितलं, नानांनी घात केला. कसलं पत्र लिहिलं होतं ते मी सगळ्यांना ऐकवलं, सासऱ्यांना, गल्लीला, काशिनाथला. चौदा बिघडलेल्या जॉबची यादी कॅनडाला पाठवणारा मालक! ऐकणारा प्रत्येकजण हळहळायचा. कोऱ्या पाटीवाल्याने पोराचं वाटोळं केलं, हे धुळ्यात सगळीकडे झालं. त्या दिवाळीला सासऱ्यांनी कितवा म्हणून विचारलं नाही. तेवढा फायदा झाला.

नानांच्या कानावर जाणारच होतं. एके दिवशी त्यांनी लेथ बंद केला आणि विचारलं, "मन्ही चिठ्ठी वाची का त्यासनी?"

मी म्हणालो, "वाची."

"बठ्ठी?"

"बठ्ठी."

ते "हं" म्हणाले आणि परत कामाला लागले. त्यांचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं नाही. मी चकमधला जॉब बघत होतो.

महिन्याभरात मी ते काम सोडलं आणि जळगावला पाइपच्या कारखान्यात लागलो. तिथे सगळं अंदाजे चालायचं आणि भरपूर चालायचं. बिघडलेला माल पाठीमागे ढिगात जायचा, त्यावर कुणाचंही नाव नसायचं. मी सुखात होतो.

पाच-सहा वर्षांनी कारखान्यातली एक डाय, म्हणजे पाइपचा साचा, झिजली. जळगावात, भुसावळला, कुठेच ती कुणाला जमेना. साहेब म्हणाले, तुम्ही धुळ्याच्या त्या कुणाकडे होतात ना? मला जावं लागलं. पाटी तशीच होती, हिरवा रंग जागोजागी उडालेला. नाना बरेच थकले होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. मला पाहून म्हणाले, "जयगावले बरं चाली राह्यनं ना?" मनात काही राग असल्यासारखं वाटलं नाही. डाय हातात घेतली, फिरवून पाहिली आणि किती झिजली म्हणून विचारलं. कारखान्याची सवय, मी बोलून गेलो, "असेल अंदाजे..."

त्यांनी नुसती मान हलवली. मी बाहेर गेलो. एवढ्या वर्षांनी, डोक्याला टक्कल पडू लागलेलं, आणि मी त्या माणसाच्या दारात उन्हात उभा. पुन्हा आत शिरलो आणि शिरताना सवयीने डावीकडे नजर गेली.

माझे चौदा जॉब तारेवर परत लागले होते. त्यांच्या पलीकडे, शेवटी, लोखंडाचं काहीच नव्हतं. तीन कागद होते. कोपऱ्यातून भोक पाडून तारेत ओवलेले, कडा पिवळ्या पडलेल्या, कार्बनची निळी अक्षरं फिकट झालेली. खाली पत्र्याचं लेबल. त्यावर नानांचं नाव, बापाच्या नावासकट. त्याखाली कारण.

इचारं नही.

नाना पाठीमागे येऊन उभे राहिले.

"ती मन्ही शे," ते म्हणाले. "त्यासले कशी चिठ्ठी पाहिजे व्हती, ते मी इचारंच नही. इचाराले काय पैसा लागस का?"

स्क्रायबर तिथेच खिळ्याला लटकत होता. पत्र्याचे तुकडे डब्यात होते. माझ्या नावाचं नवीन लेबल करायला पाच मिनिटं लागली असती. ते पत्र वकिलातीत कुणी वाचलंच नाही, एवढं सांगायला तर एकच वाक्य लागलं असतं. मी म्हणालो, नाना, डाय कधी देता? त्यांनी गुरुवार सांगितला, आणि गुरुवारी दिली. माप पाहिजे तेवढंच.

आता नाना नाहीत. वर्कशॉपच्या जागी मोबाईलचं दुकान आहे आणि तार भंगारात गेली. पत्राची मूळ प्रत माझ्याकडे आहे, त्याच फाईलमध्ये. मी या माणसाला आयुष्यभर विक्षिप्त म्हणत आलो, आजही म्हणतो. पण त्या भिंतीवर टांगलेल्या एकाही लेबलवर चुकीचं नाव नव्हतं, ते एक सोडून. आणि ते मी वाचलं, तरी तसंच राहू दिलं.